ताणाच्या दिवसांतलं पाणी

आमच्या गावाला पाण्याचं बक्षीस मिळालं, त्याच सालच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या बाया तिगाव स्टेशनच्या नळावर हंडे घेऊन उभ्या होत्या. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकताना कोणी मध्येच म्हणू नये की बाई, एवढी चिडून काय बोलतेस. चिडायला कारण आहे म्हणून चिडते. तोंडात साखर ठेवून बोलणं मला कधी जमलं नाही, आणि आता नोकरीची शेवटची वर्षं राहिली असताना ते शिकायची हौसही नाही.

गाव तिगावपासून थोडं आत आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर बक्षीस देणारे पुन्हा पाहणीला येतील आणि पुन्हा फोटो काढतील. वरच्या अंगाला संत्र्याचे बगीचे, मध्ये गाव, आणि खाली नाल्याच्या काठाला आमची बौद्धांची वस्ती. नाला पुढे जाऊन जाम नदीला मिळतो. वस्तीची एकच विहीर आहे, नाल्याला लागून, आत उतरायला दगडी पायऱ्या असलेली. आजीच्या काळी गावच्या विहिरीवर आम्हाला दोर टाकू देत नव्हते. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर बसा. मग वस्तीनं आपली विहीर आपण खणली, दगडही आपणच फोडला. त्यामुळे त्या विहिरीवर आमचा जीव जरा जास्त.

पण नुसत्या जिवानं विहीर भरत नाही. होळी झाली की तळ दिसायला लागायचा, आणि मग पाण्याच्या कचेरीतून टँकर यायचा. कधी वेळेवर, कधी रडतखडत, पण यायचा. मी पांढुर्ण्याला एका शाळेच्या कचेरीत बाबू आहे. सकाळी जाते, संध्याकाळी येते. घरी मी आणि आई. आईनं उभा जन्म संत्र्याच्या बगीच्यात काम केलं. आता सत्तरी ओलांडली तरी बोलावणं आलं की जाते. बहीण सौंसरला दिलेली. ती दर उन्हाळ्यात म्हणते, माझ्याकडे या, इथं नळ आहे. आई चार दिवस राहते आणि परत येते.

तर दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, गावात एक साहेब आले. शाळेच्या पटांगणात बैठक झाली. साहेबांनी सांगितलं, नाल्याची धार अजून चालू आहे, ती आटायच्या आत बोरी बंधारा घाला. खताच्या रिकाम्या चुंगड्यांत, म्हणजे पोत्यांत, रेती भरायची, तोंडं शिवायची आणि नाल्यात आडव्या रचायच्या. पाणी अडेल, जमिनीत मुरेल, विहिरी भरतील. पैसा लागणार नाही, फक्त श्रमदान लागेल. साहेब खोटं बोलत नव्हते हे मी आजही म्हणते. अडवलेलं पाणी विहिरीत उतरतं, यात काही जादू नाही. माझा राग बंधाऱ्यावर नाही.

श्रमदान हा शब्द ऐकला की मात्र हल्ली माझ्या कपाळाची शीर उठते. श्रम कोणाचे आणि दान कोणाला, हे बैठकीत कोणी सांगत नाही. वस्तीतली माणसं आली, बाया आल्या. कापूस वेचायचे दिवस होते. बाया वेचणीला जायच्या आधी नाल्यात उतरून रेती भरायच्या आणि ओल्या साड्यांनी तशाच वावरात जायच्या. चुंगड्या बगीच्यांतून आल्या. खत टाकून रिकाम्या झालेल्याच चुंगड्या, पण मालकांनी त्या अशा थाटात दिल्या की जणू पोरगी देत आहेत. आई काठावर दाभण आणि सुतळी घेऊन बसायची, तोंडं शिवायची. मी रविवारी असायची. मोठ्या बगीचेवाल्यांनी एक दिवस ट्रॅक्टर दिला, आणि फोटोचा दिवस आला तेव्हा ते स्वतः आले. पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांनी मिळून एक टोपलं उचललं. त्यात रेती होती तीसुद्धा बुडाशी.

पण पाणी चढलं. ते झालं तेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय. बंधाऱ्यामागं पाणी पसरत पसरत वस्तीच्या विहिरीपर्यंत आलं, आणि विहिरीतलं पाणी एकेक पायरी वर चढलं. एवढं पाणी मी लहानपणानंतर त्या विहिरीत पाहिलं नव्हतं. बगळे आले. बाया हसत-खिदळत धुणं धुवायला लागल्या. आई रोज सकाळी उठून काही काम नसताना विहिरीवर जायची, वाकून बघायची आणि परत यायची. विचारलं तर म्हणायची, काही नाही, पाहून आले.

आता चूक सांगते. ती आमचीच होती, आणि आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून झाली नसती.

संत्र्याच्या झाडाला बहर आणायचा तर आधी त्याला तहानेलं ठेवावं लागतं. आंबिया बहर धरणारे लोक थंडीत बगीच्याचं पाणी तोडतात. महिनाभर, जमीन भारी काळी असली तर त्याहूनही जास्त, झाडाला थेंब देत नाहीत. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. नवख्याला वाटेल बगीचा गेला. याला ताण देणं म्हणतात. मग संक्रांतीच्या आगेमागे ताण तोडायचा, म्हणजे झाडाभोवती आळी करायची, खत घालायचं आणि पाणी सोडायचं. तहानेलं झाड पाणी मिळताच फुलांनी भरून जातं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल.

आणि तरी त्या साली एवढ्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही की नाल्यात पाणी उभं आहे ते बगीचे ताणावर आहेत म्हणून. मोटारी बंद होत्या. कोणी पाणी घेतच नव्हतं, म्हणून ते होतं. आम्ही समजलो, आमच्या बंधाऱ्यानं गावाची तहान मिटवली. बाया दिवसभर बगीच्यात सुकलेली झाडं बघत होत्या, संध्याकाळी नाल्यात भरलेलं पाणी बघत होत्या, आणि या दोन गोष्टींची गाठ कोणी मारली नाही. बाहेरून आलेल्या साहेबांना ताण माहीत नसेल. आम्हाला तर होता. डोळे असून आंधळे म्हणतात ते आम्ही.

नेमक्या त्याच दिवसांत पाहणी झाली. गाड्या आल्या, साहेब लोक काठावर उभे राहिले, पाण्याकडे बोट दाखवून फोटो निघाले. मग पेपरात बातमी आली. आमच्या कचेरीत सोबतच्या बाबूनं पेपर माझ्या टेबलावर टाकला आणि पेढे मागितले. बातमीत लिहिलं होतं की लोकांच्या सहकार्यानं गाव पाणीदार झालं, गाव टँकरमुक्त झालं. फोटोत सरपंच होते, बगीचेवाले होते, टोपलं होतं. कोपऱ्यात आईचा दाभण धरलेला हात तेवढा आला होता. चेहरा कोणाच्या तरी खांद्यामागं गेलेला. मला तेव्हा तेवढ्याचाच राग आला. टँकरमुक्त या शब्दाचा आला नाही. उलट मी पेपरचे आणखी अंक घेतले आणि एक सौंसरला पाठवला.

जिल्हा झाल्यापासून पांढुर्ण्यात कार्यक्रमांना तोटा नाही. बक्षीसही तिथंच मिळालं. सरपंच आणि गावातले सगळ्यात मोठे बगीचेवाले मंचावर गेले. या बगीचेवाल्यांना आम्ही सगळे पाटील म्हणतो. आईनं ज्यांच्या बगीच्यात जन्म काढला ते हेच. वस्तीतल्या बायांना टाळ्या वाजवायला ट्रॉलीत बसवून नेलं होतं. बायांनी मनापासून वाजवल्या.

संक्रांत झाली आणि ताण तुटला.

एकाच दिवशी सगळ्यांचा तुटला, कारण सगळे एकमेकांकडे बघूनच तोडतात. पाण्याच्या कडेनं मोटारी बसल्या, पाण्यात पाइपांची तोंडं पडली, काळे पाइप चढावरून वर बगीच्यांकडे गेले. रविवारी मी गेले तर नाल्यात गुरगुर चालू होती आणि पाणी काठ सोडून खाली सरकलं होतं. पुढच्या रविवारी चुंगड्या खालपर्यंत कोरड्या दिसत होत्या. बगळे गेले होते.

मी पाटलांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली. मला ते अहो-जाहो करतात, नोकरीवाली म्हणून. मी म्हटलं, हे पाणी विहिरीसाठी अडवलं होतं. त्यांना राग आला नाही. समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, ताण तोडून राहिलो. आता पाणी नाई देल्लं तं झाड जाते. तुमच्या मायले विचारा ना, तिले सगळं समजते."

माझ्या आईच्या शहाणपणाचा दाखला देऊन माझ्या आईचं पाणी नेत होते. त्यांनी मला हाकललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. सरपंचांकडे गेले तर ते म्हणाले, नाला सरकारचा, पाणी सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणजे ज्याच्याकडे मोटार आहे त्याचं, एवढं त्यांनी पुढं सांगितलं नाही. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत असताना पाठ केली होती. तिचा अर्थ मला पन्नाशीनंतर नाल्याच्या काठावर कळला.

होळीला विहिरीचा तळ दिसला. दरवर्षीसारखाच. फरक एवढाच की टँकर आला नाही. वाट पाहून मी पाण्याच्या कचेरीत गेले. आधी नकार ऐकायला छिंदवाड्याला जावं लागायचं, आता जिल्हा झाल्यानं तो घराजवळ मिळतो, एवढी सोय झाली आहे. तिथल्या बाबूनं आमच्या गावाची फाइल काढली. सगळ्यात वर पेपरचं कात्रण लावलेलं होतं.

"मॅडम, तुमचं गाव तं टँकरमुक्त झालं. पुरस्कार भेटला ना तुमाले," तो म्हणाला.

मी म्हटलं, ते खोटं आहे. तो म्हणाला, मग तेव्हाच का नाही सांगितलं. मी स्वतः बाबू आहे. फाइलीतला कागद समोर उभ्या माणसापेक्षा खरा असतो हे मला कोणी शिकवायला नको. तरी मी हट्टानं म्हटलं की बक्षीस परत घ्या आणि टँकर द्या. त्यानं साहेबांना विचारून येतो म्हटलं, आत गेला, बाहेर आला आणि सांगितलं की बक्षीस परत घ्यायचा नियम नाही. हे सांगताना त्याला हसू आलं. मलाही दुसऱ्या गावाची गोष्ट असती तर आलं असतं.

मग स्टेशन. सकाळी एक खेप, दुपारी उन्हं कलल्यावर एक. तरण्या बाया डोक्यावर हंडे, ज्यांच्याकडे सायकल त्यांच्या सायकलीला दोन्हीकडे डबे. मी कचेरीत जाताना रिकामे डबे न्यायची आणि येताना तिगावला उतरून भरून आणायची. गाडीतली माणसं बघायची, बघू देत. मला लाज स्टेशनावर वाटली नाही. गावाच्या वेशीवर बक्षिसाचा फलक लावला होता, त्याच्याखालून डबे घेऊन जाताना वाटायची. आणि त्याचाही रागच यायचा, कारण लाज वाटायला हवी होती ती दुसऱ्यांना.

एका दुपारी आई पाण्याचा गुंड, म्हणजे छोटा हंडा, घेऊन पाटलांच्या बगीच्यात गेली. मी घरी नव्हते. तिला वाटलं, आपण लावलेल्या झाडांना पाणी चाललं आहे, त्यातून एक गुंड कोण नाही म्हणेल. पाइप आळ्यात पडून भरभरून वाहत होता. तिथल्या सालदारानं सांगितलं, थांबा, मालकानं सांगितलं आहे, आधी ही ओळ होऊ द्या. आई झाडाखाली बसली. ती ओळ झाली, दुसरी लागली, आणि मग वीज गेली. आई रिकामा गुंड घेऊन घरी आली.

हे तिनं मला संध्याकाळी सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, भाजी निवडत. मी म्हटलं, पुढच्या साली तो बंधारा होऊ देणार नाही, झाला तर मी स्वतः फोडीन. आई म्हणाली, "बंधाऱ्यानं काय केलं तुह्यं?" मला त्या वेळी आईचाही राग आला.

पावसाळ्यात जुन्या चुंगड्या वाहून गेल्या. दिवाळीनंतर पुन्हा बैठक झाली. साहेब लोक पुन्हा येणार होते, सलग दुसऱ्या वर्षी काम करणाऱ्या गावाला वरचं बक्षीस होतं. सरपंचांनी वस्तीला मुद्दाम बोलावणं धाडलं. कामापुरता मामा, दुसरं काय. आम्ही विहारात जमलो. तरण्या बाया म्हणाल्या, जायचंच नाही, त्यांचं पाणी त्यांना अडवू द्या. मीही तेच म्हणत होते, जरा मोठ्यानं. आई सगळ्यांचं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "पानी अडवाच लागते. विहीर भरते त्यानं. अडवाचं, अन् मंग पान्यावर बसाचं."

तसंच केलं. बंधारा आम्ही पहिल्यापेक्षा चांगला घातला. पाणी चढलं, विहीर भरली, बगीचे ताणावर गेले, पाहणी ठरली. सगळं गेल्या वर्षीसारखं. फक्त यंदा पाण्याकडे बघताना कोणी खुळ्यासारखं हसलं नाही.

संक्रांतीला मोटारी आल्या तेव्हा वस्तीतल्या बाया नाल्यात काठाला बसलेल्या होत्या. पाइपांची तोंडं जिथं पाण्यात सोडतात, बरोबर तिथं. भाकरी बांधून आणली होती, कोणी गोधडी शिवायला आणली होती. मी कचेरीत रजा टाकली होती. बगीच्यात आळी करायलाही कोणी गेलं नाही, कारण आळी करणाऱ्या बाया याच. सरपंच आले, पोलीस बोलावतो म्हणाले. मी म्हटलं, बोलवा, पेपरवाल्यालाही बोलवा, पाहणी तोंडावर आहे, चांगला फोटो येईल. ते मागं जाऊन फोनवर बोलत राहिले. पोलीस आले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मला बक्षिसाचा काही उपयोग दिसला.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः नाल्यात उतरले. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ आईसमोर उभे राहिले. आई त्यांच्यापेक्षा मोठी आहे. तिला ते अजून अगं-तुगं करतात.

"झाडं मरून राहिले, बाई. तू लावले ते झाडं," ते म्हणाले.

आई उठली. मला वाटलं, आता सुनावेल. ती सरळ चढावरून बगीच्यात गेली. एका झाडाची पानं हातात घेऊन चुरून पाहिली, दुसऱ्याची पाहिली, बुडाशी माती उकरून पाहिली. परत आली आणि आम्हाला म्हणाली की आज पाणी दिलं नाही तर उद्या उशीर होईल. मी संतापले. सगळ्यांसमोर तिला म्हटलं, तू रिकामा गुंड घेऊन आलीस तेव्हा या झाडांनी पाहिलं का तुझ्याकडे? आई म्हणाली, "झाडाच्या हातात काय हाय?" आणि मग पाटलांकडे वळून म्हणाली, "पानी सोडते. पन मी सोडीन, तुम्ही नाई. मोटारीचे फूज माह्याजोळ राहतीन."

हे तिनं कधी ठरवलं मला माहीत नाही. मला तिनं सांगितलं नव्हतं. प्रत्येक मोटारीच्या स्टार्टरमध्ये फ्यूज असतात, ते काढले की मोटार मुकी. आई म्हणत होती की ते सगळे वस्तीच्या ताब्यात राहतील. ताण तोडायला लागेल तेवढं पाणी झाडांना मिळेल. पण विहिरीतलं पाणी पुढं आलेल्या दगडाच्या पायरीला टेकलं की फ्यूज निघतील, आणि पावसापर्यंत उरलेलं पाणी वस्तीचं. बगीचेवाले आपसात कुजबुजले. फ्यूज कुठल्याही दुकानात मिळतो हे त्यांना कळत होतं, आम्हालाही कळत होतं. पण मोटारीचा आवाज नाल्यात लपत नाही, आणि वस्तीतल्या बाया पुढं निंदायला, खत द्यायला, तोडणीला गेल्या नाहीत तर बगीचा कोणाच्या भरवशावर. झाडं तर उद्यावर आली होती. त्यांनी मान्य केलं. आई झाडाचं वाईट करणार नाही एवढा तिच्यावर त्यांचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाचाही मला राग आला. माणसाच्या चांगुलपणावर एवढा भरवसा आणि त्या माणसाला प्यायला पाणी नाही.

पाहणी झाली. पेपरात आलं की गावातल्या संत्रा बागायतदारांनी उदार मनानं वस्तीसाठी पाणी राखून ठेवलं. मी त्या वार्ताहराला गाठून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ताई, भांडणाची बातमी करून काय मिळणार, गावाचं चांगलं दिसून राहिलं ना. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. टँकर अजूनही आमच्या गावाला बंद आहे.

चैत्रात विहिरीतलं पाणी त्या पायरीला टेकलं. आई आणि चार बाया भर दिवसा प्रत्येक मोटारीवर गेल्या, फ्यूज काढले आणि घरी आणले. कोणी अडवलं नाही. उन्हाळा लागला. विहिरीत पाणी होतं. थोडं होतं, गढूळ नव्हतं, आणि वस्तीतली एकही बाई त्या साली स्टेशनच्या नळावर गेली नाही.

वैशाखात, ऐन दुपारी, पाटील आमच्या अंगणात आले. रविवार होता म्हणून मी घरी होते. निवडणूक सोडली तर ते वस्तीत जयंतीला तेवढे येतात. हार घालतात, माइकवर सगळी माणसं एक आहेत म्हणतात, आणि जेवणाची पंगत बसायच्या आधी त्यांना काहीतरी काम निघतं. त्या दिवशी एकटेच आले होते. मोटारसायकल उन्हात लावली होती, सदरा घामानं पाठीला चिकटला होता. आईनं खाट टाकली. ते बसले नाहीत.

"फळ गळून राहिलं, बाई," ते म्हणाले. "एकच पाणी घेऊ दे. एका दिवसासाठी फूज दे."

आईनं सांगितलं, विहिरीत आता पोटापुरतंच आहे, नाही देता येणार. ते पुन्हा म्हणाले, तुझ्याच हातची झाडं आहेत. आईचं तोंड उतरलं, कारण ते खरं होतं. गळलेलं फळ तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. तरी ती नाहीच म्हणाली, आवाज न चढवता. माझ्या बोलण्याची गरज नव्हती.

मग आई आत गेली. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, तो कोणीही असो, एवढंच तिच्या मनात होतं. माठातलं पाणी गिलासात घेऊन ती बाहेर आली आणि तिनं हात पुढं केला. पाटलांचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. त्यांनी गिलासाकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

"नाई, राहू दे. आत्ताच पिऊन निंगालो," ते म्हणाले, आणि मोटारसायकल चालू करून गेले.

अख्खा नाला ओढून नेलेल्या माणसाला आमच्या गिलासातलं पाणी चाललं नाही. आई धुळीकडे बघत तशीच उभी होती, हात अजून पुढं केलेला. मी तिच्या हातातून गिलास घेतला आणि तिच्यासमोर उभी राहून एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं.